कै. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर : लेखक घडविणारा लेखक

वऱ्हाडच्या काळ्या भूमीने महाराष्ट्राला कापूस दिला, तसे थोर साहित्यिकही दिले. त्यांमध्ये कै. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचे स्थान निराळे आहे. महाराष्ट्रगीताचे कर्ते म्हणून त्यांचे नाव शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु रोज सायंकाळी दूरदर्शन संचापुढे बसून मालिका पाहणाऱ्या आपल्या नांदगाव खंडेश्वरातील कुटुंबांनी त्यांचे स्मरण आणखी एका कारणासाठी करावयास हवे. अनेकांनी मिळून लेखन करावे, आणि एकदा निर्माण केलेली पात्रे पुनःपुन्हा नव्या प्रसंगांत वाचकांसमोर आणावी, या दोन्ही गोष्टींचा वस्तुपाठ त्यांच्या चरित्रात सापडतो.

मालिका ही एकट्याची कृती क्वचितच असते. पडद्यावर कथा, पटकथा आणि संवाद अशी निरनिराळी नावे झळकतात, ती उगीच नव्हेत. प्रथम पात्रे ठरतात : कोणाचा स्वभाव कसा, कोणाचे कोणाशी नाते काय, कोण कोठे हट्टास पेटेल. मग कथेचा दूरवरचा पल्ला आखला जातो व त्याचे भाग पाडले जातात. प्रत्येक भागातील प्रसंगांचा क्रम लावल्यावर शेवटी संवाद लिहिले जातात. पाश्चात्य देशांत यासाठी पाच-दहा लेखक एका खोलीत बसून खल करतात. एकाने सुचविलेले दुसरा खोडतो, तिसरा त्यात भर घालतो, आणि मुख्य लेखक त्या सर्वांस एक सूर देतो. ज्याची कल्पना असते त्याचे नाव पुष्कळदा प्रेक्षकांस कळतही नाही.

कोल्हटकरांचा जन्म २९ जून १८७१ रोजी झाला. पुणे व मुंबई येथे उच्च शिक्षण घेऊन ते वकील झाले, आणि खामगाव, जळगाव-जामोद अशा वऱ्हाडातील गावी त्यांनी वकिली केली. नाटक मंडळ्यांचे माहेरघर असलेल्या पुण्या-मुंबईपासून ही गावे दूर होती. तथापि १८९६ साली, वयाच्या अवघ्या पंचविशीत, त्यांचे ‘वीरतनय’ हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. पुढे मद्यपाननिषेधाचा विषय घेऊन ‘मूकनायक’, पुनर्विवाहाचा पुरस्कार करणारे ‘मतिविकार’, तसेच ‘प्रेमशोधन’ अशी त्यांची नाटके लागोपाठ आली.

त्या काळी नाटक लेखकाच्या मेजावर पुरे होत नसे. लेखक ते मंडळीपुढे वाचून दाखवी. कोणता नट कोणती भूमिका करणार, कोणाचा गळा कसा आहे, हे पाहून पदे बेतली जात. तालमीत जे बोलण्यास जड जाई ते बदलले जाई. कोल्हटकरांनी तर पारशी-उर्दू रंगभूमीवरील चाली मराठी पदांसाठी उचलल्या आणि संगीत नाटकास नवीन वळण दिले. लेखक, गायक, नट आणि तालीम-मास्तर यांच्या संयुक्त श्रमांतून नाटक उभे राही.

त्यांच्या विनोदी लेखनाचे महत्त्व याहूनही मोठे आहे. १९०२ पासून त्यांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटास घेऊन लेख लिहिण्यास आरंभ केला. हे तिघे जुन्या रूढींचे कट्टर अभिमानी आहेत, आणि त्यांच्या अभिमानातूनच त्या रूढींचे हसे होते. लेख बदलला, प्रसंग बदलला, तरी माणसे तीच राहिली. आता हे तिघे काय म्हणतील, ही उत्सुकता वाचकांच्या मनात उत्पन्न होऊ लागली. मालिकेचा प्राण तो हाच. १९१० साली यांपैकी अठरा लेखांचे पुस्तक निघाले. पुढे त्यांची संख्या बत्तीस झाली, आणि ‘सुदाम्याचे पोहे’ या नावाने ते मराठी विनोदाचे आद्यपीठ ठरले.

कोल्हटकरांनी ही विद्या स्वतःपाशी कोंडून ठेवली नाही. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानीत. त्यांनी ‘बाळकराम’ या नावाने विनोदाचा तोच मार्ग पुढे नेला. मामा वरेरकर आणि वि. स. खांडेकर हेही त्यांस गुरुस्थानी मानीत. पुढे चिं. वि. जोशी यांनी त्याच परंपरेत चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी निर्माण केली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी ही जोडी घरोघर पोहोचविली. सुदाम्याच्या त्रिकुटापासून त्या पडद्यापर्यंतचा हा वंशवृक्ष आहे.

१९२७ साली पुणे येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद कोल्हटकरांस लाभले. १ जून १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. खरे सांगावयाचे तर त्यांची नाटके आज रंगभूमीवर दिसत नाहीत. गुंतागुंतीची कथानके आणि कोट्यांची अतिरिक्त हौस यांमुळे ती मागे पडली, तर शिष्य गडकऱ्यांची नाटके टिकून राहिली. एखाद्यास हे अपयश वाटेल. परंतु शिष्य आपल्यापुढे गेला म्हणून गुरूचे श्रम वाया गेले, असे कोण म्हणेल? जो पाया भरतो त्याचे काम मातीखाली राहते. इमारत मात्र त्याच्यावरच उभी असते.

आपल्या मंडळातील अनेक तरुण-तरुणींना आज लेखनाची आवड आहे. मोठ्या शहरात गेल्यावाचून लेखक होता येत नाही, आणि आपली कल्पना दुसऱ्यास सांगितली की ती हातची गेली, असे दोन समज त्यांच्या मनात असतात. जळगाव-जामोदच्या या वकिलाने आपल्या आयुष्याने दोन्ही समज खोटे ठरविले. तरी घरोघरी ‘सुदाम्याचे पोहे’ एकवार वाचले जावे, आणि यापुढे एखादी मालिका आवडली तर ती कोणी लिहिली हेही मुलांना पाहावयास सांगावे, एवढीच विनंती.