विकलेली बॅटरी परत घेणारे एडिसन

विजेचा दिवा म्हटला की थॉमस अल्वा एडिसन यांचे नाव सगळे घेतात. पण त्यांनी बॅटरीसाठीसुद्धा जवळजवळ दहा वर्षे खटपट केली, हे पुष्कळांना माहीत नसते. म्हणून मी त्यांची माहिती लिहीत आहे.

एडिसन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात मिलान या गावी झाला. शाळेत ते थोडेच दिवस गेले. मास्तरांना वाटे, या मुलाच्या डोक्यात काही शिरत नाही. मग आईने त्यांना घरीच शिकवले. बारा वर्षांचे असताना ते आगगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकत. त्यांना कमी ऐकू येई. तरी १८७७ साली त्यांनी आवाज साठवून पुन्हा ऐकवणारे फोनोग्राफ यंत्र केले. १८७९ साली पुष्कळ वेळ जळणारा विजेचा दिवा केला.

त्या काळी अमेरिकेत बॅटरीवर चालणाऱ्या मोटारी होत्या. बॅटरीत दोन तऱ्हेच्या पट्ट्या असतात आणि मध्ये औषधी पाणी असते. तेव्हा पट्ट्या शिशाच्या होत्या आणि पाणी ॲसिडचे. आमच्या शेजारच्या काकांच्या ट्रॅक्टरची बॅटरी तशीच आहे. ती भलती जड आहे. ॲसिड कपड्यावर पडलं की भोकच पडतं!

एडिसन यांनी ठरवले, शिसे नको, ॲसिड नको. ते आणि त्यांचे मदतनीस हजारो प्रयोग करत बसले. शेवटी एका बाजूला लोखंड, दुसऱ्या बाजूला निकेल आणि मध्ये पोटॅशचे पाणी, असे जमले. निकेलच्या भुकटीतून वीज नीट जात नव्हती. म्हणून त्यांनी तिच्यात ग्रॅफाईट मिसळले. आपल्या पेन्सिलीत असते तेच.

१९०३ च्या सुमारास या बॅटऱ्या विकायला निघाल्या. लोकांना आवडल्या. पण काही बॅटऱ्यांचे डबे गळू लागले, काहींची ताकद कमी होऊ लागली. गिऱ्हाइके आणखी बॅटऱ्या मागतच होती. तरी एडिसन यांनी बनवणे थांबवले आणि खराब निघालेल्या बॅटऱ्या परत घेतल्या.

मला ही गोष्ट सगळ्यात आवडली. आमच्या टॉर्चचे नवे सेल आठ दिवसांत गळले. आतली स्प्रिंग गंजली. मी ते घेऊन गेले, तर दुकानदाराने परत घेतले नाहीत. आई नुसती गप्प बसली. एडिसन तर एवढे मोठे नाव असलेले. त्यांना नाव खराब होईल म्हणून लपवता आले असते. पण त्यांनी लपवले नाही.

मग पुन्हा प्रयोग सुरू झाले. ग्रॅफाईट हळूहळू खराब होते, असे कळले. त्याच्या जागी त्यांनी निकेलचे कागदाहून पातळ पापुद्रे घातले. ते कसे केले, तेही गमतीचे आहे. तांब्याचा थर, निकेलचा थर, असे एकावर एक थर चढवायचे. मग त्याचे बारीक तुकडे करून तांबे विरघळवून टाकायचे. मागे निकेलचे पापुद्रे उरतात. ते आणि निकेलची भुकटी पोलादी नळ्यांत आळीपाळीने ठासून भरली.

१९०९ साली बॅटरी मनासारखी झाली. तेव्हा एडिसन ६२ वर्षांचे होते. पण तोवर पेट्रोलच्या मोटारी पुढे गेल्या होत्या. तरी मेहनत फुकट गेली नाही. खाणीतल्या कामगारांच्या दिव्यांना, रेल्वेच्या सिग्नलला त्या बॅटऱ्या उपयोगी पडल्या. त्या वर्षानुवर्षे टिकत.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी एडिसन वारले. आज मोबाईलच्या बॅटरीत लिथियम असते. अजून चांगल्या पट्ट्या कशाच्या कराव्यात, याचा शोध शास्त्रज्ञ घेतच आहेत.

बालमित्रांनो, आपण केलेली वस्तू वाईट निघाली, तर ती परत घ्यावी आणि पुन्हा नीट करावी. एडिसन यांच्याकडून मी हे शिकले.