हैदराबाद संस्थानातला जबाबदार राज्यपद्धतीचा लढा आणि स्वामी रामानंद तीर्थ



१७ सप्टेंबर जवळ आला की आपल्या हिमायतनगर तालुक्यातल्या शाळांमध्ये मुक्तिसंग्रामाच्या भाषणांची तयारी सुरू होते. मुलांच्या वह्या बघा. रझाकार, पोलीस ॲक्शन, १३ ते १७ सप्टेंबर १९४८, निजाम शरण आला, संपलं भाषण. पाच दिवसांची लढाई पाठ होते, पण तिच्याआधी दहा वर्षं लोक नेमकं काय मागत होते, हे बहुतेक मुलांना सांगता येत नाही. ते लोक राज्यघटना मागत होते. म्हणून यंदा स्वामी रामानंद तीर्थांचं चरित्र या बाजूने सांगून बघा.

स्वामीजींचं मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. १९२० साली लोकमान्य टिळक गेले, तेव्हा सोलापुरात शिकणाऱ्या या मुलाने लग्न न करता देशाचं काम करायचं ठरवलं. पुढे ना. म. जोशींबरोबर कामगार चळवळीत काम केलं. मग हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि त्यानंतर अंबाजोगाईला ते मास्तर झाले. हो, आपल्यासारखेच मास्तर! १९३२ मध्ये संन्यास घेतला, पण मठात काही गेले नाहीत. भगव्या कपड्यातच वर्गावर जात राहिले.

आता थोडं थांबून तेव्हाचा कारभार समजून घेऊ, कारण मुलं इथेच अडतात. हैदराबाद संस्थानात मराठवाडा, तेलंगणा आणि कर्नाटकाचा भाग होता. मंत्री होते, कायदे होते, कोर्टही होतं. मग नव्हतं काय? मंत्री निजामाने नेमायचे, निजामाने काढायचे. लोकांनी मत देऊन सरकार बदलायची सोय नव्हती. सरकार चुकलं तर अर्ज करायचा आणि वाट बघायची. हुकूम यायचा तो फर्मानाने. सरकारने लोकांच्या प्रतिनिधींना उत्तर दिलं पाहिजे, ही जी मागणी, तिलाच जबाबदार राज्यपद्धती म्हणायचे. वर्गात ‘जबाबदार’ म्हटलं की मुलांना वाटतं, शहाण्यासारखं वागणारं सरकार. तसं नव्हे बरं का. कोणाला जबाबदार, हा प्रश्न आहे.

१९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषद भरली. स्वामीजी हळूहळू शाळेतून या कामात ओढले गेले आणि १९३८ मध्ये हैदराबादला जाऊन राहिले. स्टेट काँग्रेस स्थापन व्हायची होती, पण स्थापनेआधीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, सरकारने तिच्यावर बंदी घातली! बाळ जन्मायच्या आधीच शिक्षा. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला, पहिली तुकडी गोविंदराव नानलांची. पाठोपाठ स्वामीजी तुरुंगात गेले. आणि गंमत बघा, तेव्हाची मागणी निजाम हटवा अशी नव्हतीच. निजाम गादीवर राहू द्या, पण कारभार लोकांनी निवडलेल्यांच्या हाती द्या, एवढंच म्हणणं होतं. इंग्लंडात राजा असतो तसा.

निजामानेही सुधारणा देऊ केल्या. कायदेमंडळ मिळणार होतं, पण प्रतिनिधी व्यवसायांच्या आणि हितसंबंधांच्या गटांतून यायचे, आणि सरकार त्या मंडळाला जबाबदार असणार नव्हतं. म्हणजे बैठकीला बोलावणार, चहा देणार, पण निर्णय मालकाचा. १९४६ मध्ये बंदी उठली, स्वामीजी स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि या कायदेमंडळाच्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार टाकला. मिळतंय तेवढं घ्या म्हणणारे पक्षात होते. माझ्या मते स्वामीजींच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड निर्णय हाच. तुरुंगात जाण्यापेक्षाही अर्धी भाकर नाकारणं कठीण असतं.

पुढचं आपल्या माहितीचं आहे. निजामाने स्वतंत्र राहायचं ठरवलं. १५ ऑगस्ट १९४७ ला स्वामीजींनी हैदराबादेत तिरंगा फडकावला आणि अटक झाली. लातूरला वकिली करणारा कासीम रझवी रझाकारांचा पुढारी होता. पैनगंगेपलीकडे उमरखेडला आपल्या लोकांचा कॅम्प होता. वाढोण्यातल्या म्हणजे आपल्या हिमायतनगरातल्या जुन्या घरांत या दिवसांच्या आठवणी निघतात, मुलांना त्या विचारून यायला सांगा. मात्र एक गोष्ट टाळू नका. सप्टेंबर ४८ नंतर काही गावांत निरपराध मुसलमान कुटुंबांनाही फार सोसावं लागलं. लढा सत्तेच्या पद्धतीशी होता, शेजाऱ्याशी नव्हता, हे वर्गात स्पष्ट बोललं पाहिजे.

आता मोठ्या वर्गांसाठी एक तुलना. अमेरिकेची घटना १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला लिहिली गेली. बारा राज्यांचे प्रतिनिधी आले, र्‍होड आयलंडने कोणालाच पाठवलं नाही. शेवटी १७९० मध्ये, मूळ तेरा राज्यांत सगळ्यात उशिरा, त्यानेही ती मान्य केली. आपल्या संविधान सभेत हैदराबादचं तसंच झालं. प्रतिनिधी नव्हते. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने भारताचं संविधान मान्य केलं, तेही फर्मान काढून! लोकांचं राज्य आलं, पण दारातून आत आलं ते राजाच्या हुकुमाने. २६ जानेवारी १९५० ला निजामच राजप्रमुख झाले. आपल्या आजोबा-पणजोबांनी आपलं सरकार मत देऊन निवडलं ते १९५२ च्या निवडणुकीत.

तिथे जॉर्ज वॉशिंग्टन घटना समितीचे अध्यक्ष होते आणि पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. इथे बुर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. स्वामीजी १९५२ ला गुलबर्ग्यातून आणि १९५७ ला औरंगाबादेतून लोकसभेवर गेले, पण मंत्रिपदाच्या वाटेला गेले नाहीत. उलट ज्या राज्यासाठी तुरुंग भोगला, त्या हैदराबाद राज्याचंच भाषेप्रमाणे विभाजन करा, असा आग्रह त्यांनी धरला. लोकांना कारभार समजायचा तर तो त्यांच्या भाषेत हवा, हा त्यामागचा साधा हिशेब. १ नोव्हेंबर १९५६ ला ते राज्य संपलं आणि आपण मुंबई राज्यात गेलो.

२२ जानेवारी १९७२ ला स्वामीजी हैदराबादेत वारले. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, त्यामुळे आपल्या भागातल्या पदवीधरांच्या घरी गुणपत्रिकेवर ते छापलेलं असतं. सहावी-सातवीच्या मुलांना घरून ती बघून यायला सांगा आणि हे स्वामी कोण, असं घरच्यांनाच विचारायला लावा. हैदराबादला सहल गेली तर चारमिनारबरोबर बेगमपेठेतलं त्यांचं स्मारकही घ्या.