खरं उत्तर कोणतं, हे सिद्ध करणारा कोल्हापूरचा गणिती

जव्हार-मोखाडा म्हटलं की कुपोषण आठवतं. १९९२ साली वावर-वांगणीत बालकं दगावली आणि राज्य हादरलं. कोणतं मूल धोक्यात आहे, हे आधी ओळखता येईल का? आज हे आकडेशास्त्राने शोधतात. त्या शास्त्राचा पाया पक्का करणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, वसंत शंकर हुजूरबाजार.

जन्म १९१९, कोल्हापूर. शिक्षण राजाराम कॉलेज, मग बनारस हिंदू विद्यापीठ आणि पुढे थेट केंब्रिज. तिथे हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएचडी.

त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा एक महत्त्वाचा शोधनिबंध आला होता. विषय होता लाइकलीहूड. समोर दिसतंय तेच घडण्याची शक्यता ज्या आकड्याने सर्वात जास्त होते, तो आकडा निवडायचा, ही रोनाल्ड फिशर यांची पद्धत. पण त्यासाठीचं समीकरण सोडवलं की कधी अनेक उत्तरं निघतात. मग खरं कोणतं? हुजूरबाजारांनी दाखवलं की ठराविक अटी पाळल्या, तर नोंदी वाढत जाताना सत्याजवळ जाणारं उत्तर एकच उरतं आणि तिथे शिखर असतं, दरी नाही.

आता हे जव्हारमध्ये कसं वापरायचं? समजा, लॉजिस्टिक रिग्रेशनच्या मॉडेलने एका बाळाला कुपोषणाचा धोका ०.०५ सांगितला. बाळ ठणठणीत राहिलं, तर त्या नोंदीचा लॉग-लाइकलीहूड म्हणजे ०.९५ चा लॉगरिदम, उणे ०.०५. पण बाळ कुपोषित निघालं, तर ०.०५ चा लॉगरिदम, जवळपास उणे ३.

मॉडेल बसवताना सगळ्या बाळांच्या या आकड्यांची बेरीज शक्य तितकी मोठी करतात. पण हजार बाळांच्या बेरजेत ते एक उणे ३ दिसतच नाही. म्हणून एकेक नोंद सुटी काढून बघायची. मॉडेल नेमकं कुठल्या बाळाबाबत चुकलं, ते तिथे कळतं. समजा अशी बरीच बाळं वीटभट्टीवर गेलेल्या घरांतली निघाली, तर स्थलांतराची माहिती मॉडेलमध्ये घालायला हवी, हे लक्षात येतं.

हुजूरबाजार परदेशातून परतले. १९५३ मध्ये पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग सुरू झाला, त्याचे ते पहिले प्रमुख. १९६० मध्ये केंब्रिजचं ॲडम्स पारितोषिक, १९७४ मध्ये पद्मभूषण. पुढे अमेरिकेत आयोवा राज्य विद्यापीठातही त्यांनी शिकवलं. १९९१ मध्ये ते गेले. पुण्यातला तो विभाग आजही संख्याशास्त्रज्ञ घडवतोय.