अबोल शास्त्रज्ञाच्या वह्या

कमी बोलणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. मात्र प्रत्येकाची छटा निराळी. मोजके बोलतो तो मितभाषी, चारचौघांत ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही तो मुखदुर्बळ, भीड ज्याच्या आड येते तो भिडस्त आणि मनातले मनातच ठेवतो तो घुमा. इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश यांना हे चारही शब्द लागू पडतात.

उमराव घराण्यातील कॅव्हेंडिश यांचा जन्म १७३१ साली नीस येथे झाला. केंब्रिजचे शिक्षण त्यांनी पदवी न घेताच सोडले. पुढे अफाट संपत्ती वाट्याला आली, तरी राहणी साधीच राहिली. अनोळखी माणसासमोर ते गोंधळून जात. घरातील नोकराणीशी बोलावे लागू नये म्हणून जेवणाची सूचना ते चिठ्ठीवर लिहून ठेवत. रॉयल सोसायटीच्या बैठकांना मात्र ते नेमाने जात. त्यांच्याकडे थेट न पाहता, जणू हवेशी बोलल्यासारखे बोलावे, तरच उत्तर मिळण्याची आशा, हे तेथील सहकाऱ्यांना अनुभवाने कळले होते.

लेखनातही ते काटेकोर होते. १७६६ साली त्यांनी हायड्रोजनचे गुणधर्म मांडले. १७९८ साली शिशाच्या गोळ्यांमधील अतिसूक्ष्म आकर्षण मोजून त्यांनी पृथ्वीची घनता पाण्याच्या सुमारे साडेपाचपट असल्याचे दाखवले. आजचा आकडा त्याच्या अगदी जवळ आहे.

परंतु विजेवरील त्यांचे बहुतांश संशोधन वह्यांतच राहिले. प्रवाह मोजणारे उपकरण नसताना स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या धक्क्यावरून त्यांनी प्रवाहांची तुलना केली होती. कूलोम आणि ओहम यांच्या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या नियमांपर्यंत ते या दोघांच्या आधीच पोहोचले होते. १८१० साली त्यांचे निधन झाले. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी या वह्या संपादित करून प्रसिद्ध केल्या, तेव्हा १८७९ साल उजाडले होते. तोपर्यंत इतरांना तीच वाट नव्याने शोधावी लागली होती.

मितभाषी आणि घुमा या दोन शब्दांतील अंतर येथे स्पष्ट होते. कॅव्हेंडिश यांच्या मितभाषी स्वभावाने विज्ञानाला नेमके, निर्दोष निबंध दिले. त्यांच्या घुमेपणाची किंमत मात्र विज्ञानाला अनेक दशके मोजावी लागली.