तीन झाडं, बाकी सगळं आभाळ

कडेला सुरूची झाडं, पुढे नुसतं आभाळ. मुरुडच्या किनाऱ्यावरचा असा फोटो आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलमध्ये सापडेल. रेम्ब्रांटनं १६४३ मध्ये अशीच फ्रेम लावली होती, फक्त तांब्याच्या पत्र्यावर, सुईनं.

रेम्ब्रांट १६०६ चा, हॉलंडमधल्या लायडेनचा. वडील पवनचक्कीवर दळण दळायचे. ॲमस्टरडॅममध्ये श्रीमंतांची पोर्ट्रेट्स करून पोरानं नाव काढलं आणि १६३९ मध्ये १३,००० गिल्डरचं घर घेतलं, बरंचसं उधारीवर. पण घरात सुख टिकेना. तीन मुलं तान्हेपणीच गेली. चौथा टायटस जगला, तर तो वर्षाचा व्हायच्या आत, जून १६४२ मध्ये, बायको सास्किया गेली.

'तीन झाडं' हे एचिंग पुढच्याच वर्षीचं. आकार झेरॉक्सच्या आडव्या कागदाएवढा. एचिंग म्हणजे काय, तर तांब्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईनं रेघा ओढायच्या आणि पत्रा ॲसिडमध्ये ठेवायचा. रेघ असते तिथे तांबं खाल्लं जातं, त्या खाचेत शाई भरून कागदावर दाबायचं. छाप उलटा येतो, म्हणजे डावं-उजवं आधीच डोक्यात फिरवून ठेवायला लागतं. आणि अन्‌डू नाही!

झाडं त्यानं मधोमध ठेवली नाहीत. उजवीकडे उंचवट्यावर तिन्ही एकत्र, गच्च काळी. डावीकडे सपाट शेतं, लांब पुसटसं शहर. क्षितिज इतकं खाली, की बहुतेक चित्र आभाळच आहे. रेघा बघा: पानांना आखूड, वेड्यावाकड्या; शेतांना बारीक, जवळजवळ आडव्या; आणि वर डाव्या कोपऱ्यात पट्टीनं मारल्यासारख्या तिरक्या, सरळ. तो पाऊस. सुरुवातीला त्या मला चक्क खटकल्या. पण बोटानं झाकून बघा, चित्र उजवीकडे कलतं. झाडांचा सगळा भार त्या रेघा तोलून धरतात.

तीन झाडं म्हणजे तीन क्रूस, असं काही जण म्हणतात. असेलही. मला मात्र झाडांमागचा कोरा, उजळ कागद जास्त बोलका वाटतो. तिथे त्यानं जवळपास काहीच केलेलं नाही.

पुढे कर्ज फिटलं नाही. १६५६ मध्ये दिवाळं निघालं, मग घरही विकलं गेलं. काम थांबलं नाही. ज्या डच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती, तिच्याच जहाजांतून आलेल्या जपानी कागदावर तो छाप काढायचा. हिंदुस्थानातून तिकडे पोचलेली मोगल चित्रं समोर ठेवून त्यानं वीसेक रेखाटनंही केली. १६६९ मध्ये तो गेला, तेव्हा पुरायला जागा भाड्याची होती.

हे एचिंग नेटवर सहज मिळतं. झूम करा. डावीकडे पाण्याकाठी गळ टाकून बसलेला माणूस लगेच दिसेल. उजव्या टेकाडावर कुणीतरी चित्र काढत बसलंय. त्याच्या खाली, झुडपांच्या काळोखात, एक जोडपं लपलंय. ते सापडायला वेळ लागतो.