दोन साखरा आणि मधला थांबा

ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जिवाणू. मेंदू नाही, मज्जातंतू नाही, सगळा संसार एकाच पेशीत. त्याला ग्लुकोज आणि लॅक्टोज या दोन साखरा एकत्र दिल्या, की गडी आधी ग्लुकोज फस्त करतो, मग वाढ थांबवून गप्प बसतो आणि थोड्या वेळाने लॅक्टोजकडे वळतो. आलेखावर दोन चढ दिसतात आणि मध्ये एक सपाट पायरी. या पायरीचं कोडं ज्याने वीस वर्षं सोडलं नाही, तो जाक मोनो.

जन्म १९१० चा, पॅरिसचा. वडील चित्रकार, आई अमेरिकन. लहानपणी पोलिओ झाल्याने एक पाय अधू, तरी पठ्ठ्या कडे चढायचा आणि चेलो वाजवायचा. १९३६ मध्ये ग्रीनलंडला जाणाऱ्या जहाजावर तो असायचा, पण ऐन वेळी आनुवंशिकी शिकायला कॅलिफोर्नियाला गेला. ते जहाज आइसलंडजवळ बुडालं आणि एकच माणूस वाचला. कॅलिफोर्नियात मात्र अभ्यासापेक्षा वाद्यवृंदातच त्याचा वेळ जास्त गेला. (आपल्याकडे गॅदरिंगच्या दिवसांत काय होतं ते आठवा!)

१९४१ साली पीएच.डी. मिळाली. विषय हीच पायरी. सोरबोन विद्यापीठातल्या वरिष्ठांना हे काम बिनकामाचं वाटलं होतं. पॅरिस तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं. मोनो भूमिगत लढ्यात उतरला आणि गुप्त कागद प्रयोगशाळेबाहेरच्या पेंढा भरलेल्या जिराफाच्या पायात लपवू लागला. पुढे सोरबोन धोक्याचं झाल्यावर तो पाश्चर संस्थेत आन्द्रे ल्वोफकडे काम करू लागला.

आता खरा प्रश्न. त्या थांब्यात पेशी नेमकं काय करते? लॅक्टोज फोडणारं एन्झाइम तयार करते, एवढं कळलं होतं. पण ते कसं बनवायचं हे तिला लॅक्टोज शिकवतं का? तेव्हा बऱ्याच जणांना वाटायचं, हो, साखरच साच्यासारखी एन्झाइमला आकार देते. रशियात लायसेन्को तर परिस्थितीने घडवलेले गुण पुढच्या पिढीत जातात असं ठासून सांगत होता आणि विरोधकांच्या नोकऱ्या जात होत्या. मोनो स्वतः युद्धकाळात कम्युनिस्ट पक्षात होता, तरी १९४८ मध्ये त्याने वर्तमानपत्रात लायसेन्कोविरुद्ध उघड लिहिलं. जुने सोबती तुटणार हे माहीत असून लिहिलं, हे मला त्याच्या नोबेलपेक्षा मोठं वाटतं.

उत्तर मिळालं ते फ्रान्स्वा जाकोब आणि आर्थर पार्डी यांच्याबरोबरच्या प्रयोगांतून. एन्झाइमची कृती जनुकात आधीपासूनच असते. एक दुसरं जनुक 'रिप्रेसर' बनवतं आणि तो डीएनएवर बसून काम अडवतो. लॅक्टोज आत आलं की रिप्रेसर सुटतो. म्हणजे साखर शिकवत नाही, फक्त बटण दाबते! ग्लुकोज हजर असेल तर लॅक्टोज असूनही काम जवळजवळ बंदच. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी ट्रुथ टेबल मांडून बघावं: लॅक्टोज आहे 'आणि' ग्लुकोज नाही, तरच आउटपुट एक. रिप्रेसर आरएनएचा असावा हा १९६१ चा त्यांचा अंदाज मात्र चुकला. तो प्रोटीन निघाला.

त्याच वर्षी मोनो-जाकोबने आणखी एक गोष्ट कागदावर मांडली. एकमेकांना दाबणारी दोन जनुकं जोडली तर पेशी दोनपैकी एका स्थितीत टिकून राहील. हा आपला फ्लिप-फ्लॉपच की! १९६५ मध्ये मोनो, जाकोब आणि ल्वोफ यांना नोबेल मिळालं, १९७१ मध्ये मोनो पाश्चर संस्थेचा संचालक झाला आणि १९७६ मध्ये कान शहरी वारला. कागदावरचा तो फ्लिप-फ्लॉप ई. कोलायमध्ये प्रत्यक्ष बांधला गेला २००० साली. रसायनाचा एक झटका दिला की पेशी स्थिती बदलायची आणि रसायन काढून घेतल्यावरही ती स्थिती धरून ठेवायची. एका बिटची मेमरीच म्हणा.

मग शिकण्याचं काय? आतड्यातून जाताना ई. कोलायला आधी लॅक्टोज भेटतं, नंतर माल्टोज. २००९ मध्ये इस्रायलच्या संशोधकांनी दाखवलं, की लॅक्टोज लागताच तो माल्टोजची जनुकंही थोडी चालू करून ठेवतो. उलट क्रमाने दिलं तर तसं होत नाही. ही तयारी एका पेशीने तिच्या आयुष्यात कमावलेली नाही, निवड होत होत पिढ्यान्‌पिढ्यांत जनुकांच्या जाळ्यात उतरलेली आहे. त्याच संशोधकांनी काही जिवाणूंना शेकडो पिढ्या लॅक्टोज दिलं, पण मागाहून माल्टोज कधीच आलं नाही. त्या जिवाणूंनी ही आगाऊ तयारी सोडून दिली.