ज्यूल व्हर्न : तीन तोफांची कहाणी

ज्यूल व्हर्न हा विज्ञानाच्या विजयाचा भाट होता, असा समज सर्वत्र रूढ आहे. त्याने कल्पिलेल्या तीन महाकाय तोफा क्रमाने पाहिल्या म्हणजे या समजाचा अपुरेपणा ध्यानी येतो.

८ फेब्रुवारी १८२८ रोजी फ्रान्समधील नांत या बंदराच्या शहरी एका वकिलाच्या घरी त्याचा जन्म झाला. पॅरिसला कायद्याचे शिक्षण पुरे करूनही वडिलांचा व्यवसाय त्याने नाकारला आणि तो नाट्यलेखनात रमला. १८५७ मध्ये विवाह झाल्यावर चरितार्थासाठी त्याने शेअरबाजारात दलाली पत्करली. १८६३ मध्ये एत्सेल या प्रकाशकाने त्याची बलूनप्रवासाची कादंबरी छापली, तेव्हा त्याला आपली वाट सापडली.

१८६५ च्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीत पहिली तोफ अवतरते. यादवी युद्ध संपल्याने निरुद्योगी झालेले अमेरिकन तोफतज्ज्ञ फ्लॉरिडाच्या भूमीत ९०० फूट लांबीची तोफ ओततात आणि ॲल्युमिनियमच्या पोकळ गोळ्यात बसलेली तीन माणसे चंद्राकडे धाडली जातात. पृथ्वीच्या आकर्षणातून सुटण्यास सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेग हवा, हे व्हर्नने बरोबर मांडले. मात्र एवढ्या आखूड नळीत तो वेग गाठताना प्रवाशांवर त्यांच्या वजनाच्या २०,००० पटींहून अधिक दाब येऊन ते तत्क्षणी चिरडले गेले असते. त्याचेच वाचक असलेले त्सिओल्कोव्हस्की व ओबर्ट पुढे अग्निबाणाकडे वळले. या तोफेभोवतीचा सूर मिस्किल आहे. युद्धखोरांच्या हातचे शस्त्र येथे प्रवासाचे साधन होते.

१८७०–७१ च्या युद्धात प्रशियाकडून फ्रान्सचा पराभव झाला आणि तो सूर पालटला. पास्काल ग्रूसे याच्या हस्तलिखितावरून व्हर्नने सिद्ध केलेल्या १८७९ च्या कादंबरीत एका भारतीय बेगमेच्या संपत्तीतून दोन नगरे वसतात. त्यांपैकी पोलादनगरीचा जर्मन अधिपती दुसऱ्या नगराच्या संहारासाठी तोफ उभारतो. गोळा अतिवेगाने सुटतो आणि पृथ्वीभोवती फिरत राहतो. नगर वाचते, पण ते केवळ हिशेब चुकल्यामुळे.

मार्च १८८६ मध्ये मानसिक तोल ढळलेल्या पुतण्याने व्हर्नवर गोळी झाडली. तो कायमचा लंगडा झाला. त्याच महिन्यात एत्सेलही निवर्तला. १८८९ मध्ये तिसरी तोफ आली. चंद्रप्रवासवाले तोफतज्ज्ञच आता ध्रुवप्रदेशातील कोळशासाठी किलिमांजारो पर्वतात तोफ खोदतात. तिच्या धक्क्याने पृथ्वीचा अक्ष फिरवण्याचा त्यांचा बेत असतो. त्यात कित्येक देश बुडणार, याची त्यांना खंत नाही. गणितात तीन शून्ये गळाल्यामुळे जग वाचते.

२४ मार्च १९०५ रोजी आमियां येथे व्हर्नचे निधन झाले. तत्पूर्वीच कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळकोकिळ’ मासिकातून त्याची चंद्रसफर मराठीत अवतरू लागली होती. भारतीय भाषांतील विज्ञानकथेचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच पहिल्या तोफेपाशी थांबू नये. कुतूहल, द्वेष आणि लोभ अशा तीन हातांत एकच यंत्र देऊन व्हर्नने यंत्राचे नव्हे, तर ते चालवणाऱ्या माणसाचे चरित्र लिहिले आहे.